सासवा विरुद्ध सुना

महाळुंगे पडवळच्या शाळेत पालकांचे खेळ होते, आणि रस्सीखेचीत सासवा विरुद्ध सुना अशी जोडी लागली. सासवांच्या पुढं गजराबाई. साठी उलटली तरी दांडगा मेंढा शिंगाला धरून जागेवर थांबवणारी बाई. समोर दोरीला पहिला हात तिच्याच सुनेचा, हर्षालीचा.

शिट्टी झाली. दोन्हीकडच्या बायांनी दात-ओठ खाऊन ओढलं. गजराबाईच्या कपाळाची शीर फुगली, तळवे सोलले. पण दोरीला मधोमध बांधलेला लाल रुमाल इंचभर हलेना.

प्रांजल मॅडम आठवीला विज्ञान शिकवायच्या. एवढी नामी संधी त्या कशाला सोडतील? माईक घेऊन त्या मुलांना म्हणाल्या, "बघा, दोन्ही बाजूंची बलं सारखी, दिशा उलट. ही संतुलित बलं. दोरीवरचं एकूण बल किती?"

"शून्य!" पोरं ओरडली.

गजराबाईला ते फार झोंबलं. "शून्य? आवं मॅडम, हितं जीव चाललाय आमचा!"

"आजी, जोर आहेच. फक्त दोन्हीकडचा सारखा आहे. एका बाजूचा कमी झाला, की रुमाल हलणार!"

आपला जोर वाढवणं काही शक्य नव्हतं. पण समोरचा कमी करता येतो, हे गजराबाईच्या डोक्यात लख्खकन उजेडलं. तिनं सुनेकडं बघून हाक दिली, "हर्षाली! गॅसवर दूध ठिवून आलीस व्हय गं?"

हर्षाली दचकली. तिचे हात सैल पडले, मागच्या दोघी तिच्याकडं बघायला लागल्या, आणि सगळ्या सुना फरफटत पुढं आल्या. इकडं सासवा एकमेकींवर उताण्या पडल्या.

"असंतुलित बल!" हसू दाबत मॅडम कशाबशा बोलल्या.

हर्षाली धुळीनं माखलेली उठली. "आत्या, दूध तर सकाळी तुम्हीच तापवलं!"

"मंग? मला ठावं व्हतं की."

हर्षालीनं रागानं बघायचा प्रयत्न केला, पण तिला हसूच फुटलं. लग्नाला दहा वर्षं झाली, दोघी अशा एकत्र कधी हसल्या नव्हत्या. सासूला उठवायला तिनं हात दिला, ओढलं. गजराबाई मुद्दाम अंग टाकून बसूनच राहिली.

"वढ की," ती म्हणाली, "लई बरं वाटतंय."