आधी तू खा

अन्नखात्यातले तपासनीस निवृत्त झाले, पण त्यांचं नाक काही निवृत्त झालं नाही. उभा जन्म हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत शिळंपाकं हुडकण्यात गेलेला, त्यामुळे घरच्या दुधाकडेही ते आरोपीकडे बघावं तसे बघत. अशा घरात सून आली, आणि मुलगा कामासाठी परगावी गेला. दोघंच उरली.

एके दिवशी तपासनीसांचं पोट बिघडलं. जुलाब, मळमळ, अंगात कणकण. झालं, मनात शंकेची पाल चुकचुकली: सुनेने जेवणात काही घातलं तर नाही?

"बाबा, डॉक्टरांकडे जाऊ या का? बाहेर सर्दी-तापाची साथ आहे," सून म्हणाली.

"मला सर्दी आहे? खोकला आहे? साथ नाकातून येते, पोटातून नाही."

दुसऱ्या दिवशी सुनेने केलेल्या सुपाला वासच येईना. वाटी नाकाला लावली, तरी काही नाही. ज्या नाकाने भलेभले मालक घाबरवले, ते चुकेल कसं? हिनेच वास मारायला काहीतरी घातलं असणार. त्यांनी आपला चमचा बुडवून तिच्यापुढे धरला.

"आधी तू खा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने तोंड उघडलं. तेव्हापासून प्रत्येक जेवणात प्रत्येक पदार्थाचा पहिला घास तिचा, त्यांच्याच उष्ट्या चमच्याने. ती गिळायची, हे तिचा चेहरा न्याहाळायचे, मग त्याच चमच्याने जेवायचे. वर म्हणायचे, "कर नाही त्याला डर कशाला?"

मग सून तापाने फणफणली. खोकला सुरू झाला. नाटक असेल, असं तपासनीसांना आधी वाटलं. पण जिन्याच्या तिसऱ्याच पायरीवर तिला धाप लागून ती खाली बसली, तेव्हा मात्र त्यांनी धावत जाऊन तिला सावरलं. रिक्षा करून त्यांनी तिला दवाखान्यात नेलं.

दोघांची तपासणी झाली. "विषाणू एकच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहींना तो आधी पोटातच त्रास देतो, वासही घालवतो. तुमच्या शरीराने त्याला बेताने आवरलं. हिचं शरीर मात्र इतक्या त्वेषाने लढतंय, की विषाणू राहिला बाजूला, स्वतःच्याच फुप्फुसांना इजा करून घेतंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी. तपासनीसांनी मान खाली घातली.

"आधी आजारी कोण पडलं? तुम्ही एका चमच्याने वगैरे जेवलात का?"

सुनेने ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला. "नाही, डॉक्टर. बाबांचं ताट, चमचा, सगळं वेगळं असतं."

इतकी वर्षं तपासनीसांनी माणसांचं खोटं चेहऱ्यावरून पकडलं होतं. हेही पकडलं.

"खोटं बोलतेय ती," ते म्हणाले. "रोज मीच भरवलं. माझ्या चमच्याने."