उस्तादांचा निळा

उस्तादांनी नकारार्थी मान हलवली आणि सुनेचा चेहरा पडला. चाचणीच्या मैदानावर नुकताच तिने बनवलेला आतषबाजीचा बाण वर जाऊन फुटला होता. आभाळभर निळे तारे पसरले होते, कारखान्यातल्या बायकांनी "आई गं!" म्हणत तोंडावर हात ठेवले होते. आणि उस्ताद म्हणाले, "राखाडी. पुन्हा कर."

"अहो आबा, राखाडी कुठला?"

"मला शिकवू नकोस."

झालं! सासरा आणि उस्ताद एकाच माणसात बसले की वाद घालायची सोयच उरत नाही.

शोभेच्या दारूत निळा म्हणजे भलता मानी रंग. लाल, हिरवा, सोनेरी कुणीही करावा. निळ्याची आच जरा चढली की तो पांढराफटक, जरा उतरली की मलूल. तो साधावा उस्तादांनीच. त्यांचा निळा बघायला माणसं लांबून यायची आणि मान दुखेपर्यंत वर बघत राहायची.

त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. त्यांच्या आजोबांच्या काळात मिसळणं, भरणं, वाळवणं सगळं एकाच छपराखाली चालायचं, वर तोंडात विडी. एके दिवशी छप्परही गेलं आणि खालची माणसंही. तेव्हापासून खोल्या लांब लांब झाल्या, मध्ये मातीचे बांध आले, हत्यारं लाकडाची झाली, कपडे सुती, पाय अनवाणी. कुणी सरकारी नियमांवर कुरकुरलं की उस्ताद डावा हात वर करून म्हणायचे, "एकेका नियमामागे कुणाचं तरी बोट आहे, बाबा."

एक नियम मात्र त्यांचा स्वतःचा होता. मिसळणीच्या खोलीत कुणीही "थांबा" म्हटलं की हातातलं अलगद खाली ठेवायचं आणि मुकाट बाहेर पडायचं. का, ते बाहेर आल्यावर विचारायचं. म्हणणारी झाडूवाली असली तरीही.

परवाना तपासणाऱ्या बाई मागच्या खेपेलाच बजावून गेल्या होत्या. उस्तादांचं वय झालंय, मिसळणीला दुसरं माणूस तयार करा, नाहीतर परवाना पुढे मिळणार नाही. मुलाला फटाक्याच्या आवाजानेच धडकी भरायची, तो बिचारा दुकान सांभाळायचा. म्हणजे राहिली सून. तिला त्या कामाचं वेडच होतं. पण तिचा निळा पसंत पडेपर्यंत होकार द्यायला उस्ताद तयार नव्हते, आणि तिचा निळा काही केल्या पसंत पडत नव्हता. कारखाना बंद पडणार आणि तो आपल्या पायगुणाने, या विचाराने तिची झोप उडाली होती.

तपासणीच्या दिवशी बाई दारात उभ्या होत्या. फळीवर अर्धं मिश्रण पसरलेलं. उस्ताद म्हणाले, "आता निळ्या झाकणाचा डबा," आणि त्यांनी उचलला काळ्या झाकणाचा. त्या डब्यातली पूड या मिश्रणाला लागता कामा नये, हे कारखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

सुनेला एकदम उमगलं. राखाडी! म्हणून राखाडी! बोलावं तर बाईंसमोर उस्तादांची अब्रू जाते आणि परवानाही जातो. पण शब्द तोंडातून सुटलाच.

"थांबा!"

उस्तादांच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. त्यांनी डबा अलगद ठेवला आणि ते बाहेर आले. त्यांच्यामागून सगळे.

"बोल," झाडाखाली येऊन ते म्हणाले.

"आबा, तुम्ही काळं झाकण उचललंत. तुम्हाला... तुम्हाला निळं दिसत नाहीये." आणि तिला रडूच फुटलं.

त्यांनी तिच्या सदऱ्याकडे बोट केलं. "तुझ्या अंगातला सदरा कुठल्या रंगाचा?"

"निळा."

"मला काळा दिसतो."

त्यांनी गळ्यातली मिसळणीच्या खोलीची पितळी किल्ली काढली आणि स्वतः बाईंच्या हातात ठेवली. "हिने मला थांबवलं, हे लक्षात असू द्या," एवढंच म्हणाले. काय माणूस! दुसरा असता तर सुनेवर डाफरला असता.

"लक्षात राहील," बाई म्हणाल्या. "पण हिच्या निळ्याचा निकाल तुम्हीच द्यायचा. आधी डोळे दाखवा. तोवर खोलीला कुलूप."

मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि एका संध्याकाळी सगळे पुन्हा मैदानावर जमले. बाईही आल्या. सुनेने राखून ठेवलेल्या बाणांपैकी एकाला बत्ती दिली आणि ती खाली मान घालून उभी राहिली.

वर फुटल्याचा आवाज आला. उस्तादांनी आधी नवा डोळा झाकला. "राखाडी," ते पुटपुटले. मग हात काढला. तारे अजून खाली येत होते.

तिने घाबरत वर पाहिलं, तर म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"अगं, हा माझा निळा नव्हे," ते म्हणाले.

तिने पुन्हा मान खाली घातली.

"माझा इतका निळा कधीच नव्हता."

बाईंनी किल्ली पुढे केली. उस्तादांनी ती घेऊन सुनेच्या गळ्यात घातली आणि पुन्हा मान वर केली.

"पुन्हा कर," ते म्हणाले. "आता दिसतोय, तर बघू दे."