किल्लीचा प्रसंग पटला नाही

माइकच्या तोंडावरच्या लाल स्पंजला डाळवड्याचा एक कण चिकटला होता, आधी मत देऊन गेलेल्या कुणाच्या तरी तोंडातला, आणि अच्युत मारार त्या कणाकडेच बघत होते. कारण कणाच्या वर नजर गेली असती तर तिथे पिक्चरबद्दल मतं विचारणाऱ्या मुलीचे डोळे होते, डोळ्यांमागे मोबाइल धरलेला तिचा जोडीदार, आणि त्या दोघांच्या मागे अकराचा खेळ सुटून बाहेर आलेलं अर्धं त्रिशूर.

त्रिशूरमध्ये माणूस पिक्चरला जातो तो बाहेर आल्यावर बोलता यावं म्हणून. मधले अडीच तास ही नुसती तयारी. एकाला संगीतानं कानठळ्या बसल्या होत्या. एकाच्या मते मध्यंतर फार उशिरा आलं, आणि हे तो घाईघाईनं बाजूच्या भिंतीकडे जाता जाता म्हणाला. एका बाईंना वाटत होतं की रोखपालाच्या बायकोला अजून दोन वाक्यं द्यायला काय जात होतं. पण बँकेच्या आतल्याच माणसांनी बँक लुटली, हे सगळ्यांना आवडलं होतं. बाहेरच्यानं लुटलेल्या बँकेत कुणाला रस नसतो. फक्त एका गोष्टीवर सगळे अडत होते.

“बँकेतला माणूस तिजोरीची आपली किल्ली दुसऱ्याच्या हातात ठेवतो?” हातात हेल्मेट घेतलेला एकजण म्हणाला होता. “आणि कशासाठी, तर देवळातला ढोलांचा मेळ ऐकायला जायचंय. लिहिणाऱ्यानं निदान बँकेत खातं तरी उघडून बघायचं.”

लोक हसले होते. मारारही हसले होते. हसताना आपला हात कमरेपाशी गेला हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तो त्यांनी खाजवण्याच्या निमित्तानं तिथेच ठेवला.

मग नंबीशन मास्तर पुढे झाले. मास्तर गणिताचे, आठ वर्षांपूर्वी शेजारी राहायला आलेले, त्यामुळे त्याआधीचं काही त्यांना ठाऊक नव्हतं. “पाचापैकी साडेतीन,” ते माइकमध्ये म्हणाले. “अर्धा मार्क किल्लीसाठी कापला. एरवी पायरी चुकली की मी शून्य देत असे, इथे दया दाखवली. आणि पोरी, मला काय विचारतेस, यांना विचार. एकतीस वर्षं बँकेत काढलीत यांनी. किल्ली यांच्याच कमरेला असायची.”

तो लाल स्पंज असा वळून मारारांच्या हनुवटीखाली आला होता.

“अंकल, खरंच असं होतं का हो?”

होतं. म्हणजे — पूरमचा, देवळाच्या मोठ्या उत्सवाचा दिवस होता, सगळ्या शहराला सुट्टी, आणि मुख्य कचेरीच्या तपासनिसांना नेमका तोच दिवस सापडला होता, कारण ते कोइंबतूरचे होते आणि त्यांना पूरम म्हणजे वाहतुकीची अडचण एवढंच माहीत होतं. तिजोरी उघडी, गहाण दागिन्यांची पाकिटं टेबलावर मांडलेली, एकेक पाकीट उघडायचं, वजन करायचं, लाखेनं पुन्हा बंद करायचं... आणि तिकडे देवळात, बकुळीच्या झाडाखाली, अडीच वाजता मेळ सुरू होणार, आणि त्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, धाकटा भाऊ कुट्टन चेंडा ढोलांच्या दुसऱ्या रांगेत उभा राहणार. देवळात पिढ्यान्‌पिढ्या ढोल वाजवणाऱ्या मारारांच्या घरात जन्माला यायचं आणि त्या दिवशी दागिने मोजत बसायचं! वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. दोन वाजता लोनप्पननं, मुख्य रोखपालानं, मान वर न करता म्हटलं होतं, “जा की. पाय आपटून आपटून फरशी फोडशील. चार वाजता हे लोक उठले की मी बंद करतो. दे इकडे.”

दोन कुलुपं, दोन किल्ल्या, दोन माणसं. एक किल्ली दुसऱ्याच्या हाती कधीही जाऊ नये म्हणून तर ही सगळी रचना. दे इकडे, तो म्हणाला, आणि मी दिली. मीठ मागितल्यावर मीठ द्यावं तशी.

मेळात दोन्ही हात वर उडवत ते पाच वाजेपर्यंत उभे होते, हजारो माणसांच्या मध्ये, आणि त्यांना कुणीही पाहिलं नव्हतं, कारण तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. लोनप्पन दोन्ही किल्ल्या पिशवीत टाकून ओल्लूरला घरी गेला. घरात पूरमचे पाहुणे, सत्तावीस माणसं, पिशवी खुंटीला. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली परत मिळाली. तिसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस पाकिटं नव्हती, आणि कुलुपांना ओरखडाही नव्हता.

लोनप्पननं कोर्टात सगळं जसंच्या तसं सांगितलं. मारारांनी सांगितलं की मेळ अर्धवट सोडून मी चार वाजता परत आलो, दोघांनी मिळून तिजोरी बंद केली, किल्ली माझ्या कमरेवरून हललेली नाही. तेव्हा मारारांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. हेही एक कारण होतं, आणि नसतं तरी दुसरं सापडलं असतं. दोन साक्षींतली कुठली पटण्यासारखी होती? किल्ली हलली नाही, तर लोनप्पननं तिची नक्कल केली. नक्कल केली, तर आधीपासून ठरवून केली. ठरवून केली म्हणून चार वर्षं, विय्यूरच्या तुरुंगात. सत्तावीस पाहुण्यांपैकी कुणाला साधं विचारायचीही गरज पडली नाही. तिसऱ्या वर्षी त्याची बायको, रोसा, गेली. तिची अंत्ययात्रा मारारांनी बसच्या खिडकीतून पाहिली होती... तिकीट पुढच्या थांब्याचं होतं म्हणून ते उतरले नाहीत.

वर्तमानपत्रात ते दोन दिवस आलं होतं. मग निवडणूक आली. आता बावीस वर्षांनी कुणीतरी जुन्या निकालपत्रातून आरोपीचा बचाव उचलून पडद्यावर मांडला होता, गावाचं नाव बदलून, आणि लोकांना त्या अख्ख्या पिक्चरमध्ये तेवढंच खोटं वाटत होतं.

“अंकल?”

“होत नाही,” मारार म्हणाले. “असं कधीच होत नाही. शिस्त असते.”

आवाज स्वच्छ आला. कोर्टात तो थोडा थरथरला होता. सरावानं माणूस सुधारतो. मास्तरांनी पाठीवर थाप मारली. हेल्मेटवाला म्हणाला, “बघा. जाणकार बोलला.” मुलीनं आभार मानले आणि स्पंज पुढच्या तोंडाकडे गेला.

घरी बायकोनं, तंकमणीनं भात, ताकाची कढी आणि पापड वाढला. मास्तरांच्या बायकोनं तिला व्हिडिओ दाखवला होता.

“शर्ट इस्त्रीचा घालायला काय झालं होतं?” ती म्हणाली. आणि कढी वाढता वाढता, “बोललात चांगलं.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पूरमच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा घामानं भिजलेला, हत्तीच्या पायाखालची धूळ माखलेला सदरा हिनंच धुतला होता. बावीस वर्षं ती याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती, आणि आताही ती फक्त पापड मोडत होती.

चार वाजेपर्यंत तो व्हिडिओ नऊ हजार लोकांनी पाहिला होता. खाली मतं. ‘काकांनी एका वाक्यात पिक्चर संपवला.’ ‘अशा प्रामाणिक माणसांमुळे बँका टिकल्या.’ ते एकेक मत दोनदा वाचत होते. त्यात शोधत काय होतो मी... एखादा तरी, नऊ हजारांत एखादा तरी, जो म्हणेल की हा खोटं बोलतोय. तसं कुणी म्हणत नव्हतं. लोक फार चांगले होते.

फोन वाजला. नंबर अनोळखी.

“मारारे, लोनप्पन बोलतोय. ओल्लूरहून.”

ते खुर्चीतून उठले. साहेब आल्यासारखा का उठलो, कळलं नाही.

“जावयानं तुझा व्हिडिओ दाखवला,” लोनप्पन म्हणाला. आवाज म्हातारा झाला होता, पण दम न लागता चालत होता. “किती बारीक झालास रे. शुगर का?”

“आहे थोडी.”

“मेथ्या भिजवून घेत जा. कडू लागतात, पण घे.”

“तू... पाहिलास का पिक्चर?”

“कुठला. गुडघे जिना चढू देत नाहीत. जावई म्हणतो, बरा आहे, पण किल्लीचं काही पटत नाही.” तो थोडा खोकला. “जजसाहेबांनाही नव्हतं पटलं.”

टोमणा असेल म्हणून मारार थांबले. टोमणा आला असता तर सोपं होतं. शिवी आली असती तर त्याहून सोपं. बावीस वर्षं त्यांनी दोन्हींची उत्तरं तयार ठेवली होती. आणि उत्तरांच्या खाली, अगदी तळाशी, एक गोष्ट जपून ठेवली होती, रोज रात्री झोपण्यापूर्वी चाचपून बघायची: त्यानंच केलं असेल. केलंच असेल. मी खोटं बोललो असेन, पण त्यानं केलं असेल, म्हणजे खोट्यातून खरंच बाहेर पडलं, म्हणजे हिशेब —

“कुट्टन वाजवतो का अजून?” लोनप्पननं विचारलं.

“नाही. खांदा गेला त्याचा. तीन वर्षं झाली.”

“अरेरे. हात चांगला होता म्हणतात.” मग, जणू बाजारात भेटल्यावर आठवावं तसं, “त्याचं ते पहिलं वर्ष होतं ना? मेळ कसा झाला, ते तुला विचारायचं राहूनच गेलं बघ.”

मारारांनी तोंड उघडलं. तळाशी चाचपून पाहिलं आणि तिथे काहीच नव्हतं. चोरानं हे विचारलं नसतं. हे विचारतो तो, ज्यानं एका माणसाला दुपारी दोन वाजता मेळाला पाठवलं आणि त्यापलीकडे त्या दिवसात ज्याला काहीच करायचं नव्हतं. इतकं साधं होतं हे, आणि नऊ हजार लोकांना ते पटण्यासारखं नव्हतं, आणि मला — मला ते आत्तापर्यंत पटवून घ्यायचं नव्हतं.

आतून तंकमणीनं विचारलं, कुणाचा फोन आहे.

फोनच्या पलीकडे लोनप्पन थांबला होता. कसा झाला हे सांगायला एक शब्द पुरला असता, कुठलाही, आणि तो उच्चारताच आपण त्या दिवशी शेवटपर्यंत तिथेच होतो हे ठरणार होतं. नाही उच्चारला तरी आता आपल्यापुरतं ते ठरलेलंच होतं. मारार उभे राहिले, ऐकत राहिले, आणि त्यांना प्रथमच भीती वाटली ती पकडलं जाण्याची नव्हे, तर आता आपल्याला कुणीच, कधीच पकडणार नाही याची.