शूनाच्या उताराची साक्ष

तीन दिवस मुफ्लिहचं डोकं तापलेलं होतं, आणि त्याला कारण होतं एक बरणी.

बरणी बनवली होती त्याच्या सख्ख्या पुतण्याने, राकानने. बरणी प्लास्टिकची, आत स्टीलच्या पट्ट्या, पाणी आणि कॉस्टिक सोडा. बॅटरीच्या दोन वायरी आत गेलेल्या, आणि एक नळी बाहेर पडून थेट इंजिनाच्या हवेच्या तोंडात. पाण्यातून हायड्रोजन निघतो, तो पेट्रोलबरोबर जळतो आणि निम्मं पेट्रोल वाचतं, असं राकान सांगत सुटला होता आणि डोंगरावरचं अख्खं सल्त शहर माना डोलवत होतं. चाळीस वर्षं गाड्यांखाली पाठ घासलेल्या मुफ्लिहला मात्र कुणी विचारलं नाही. मग त्याने न विचारताच सांगितलं. स्पेअर पार्टच्या बाजारात, भर गर्दीत तो ओरडला, "हा माझा पुतण्या चोर आहे!"

राकानची रीत ठरलेली. गिऱ्हाइकाला शेजारी बसवायचं, टाकीचा काटा दाखवायचा आणि गाडी खाली खोऱ्यात, शूनाला न्यायची. काटा जागचा हलायचा नाही. हलेल कसा? सल्त ते शूना रस्ता हजार मीटर खाली उतरतो. तिथे रिकामं पिंपसुद्धा पेट्रोलशिवाय पोचेल. पण सल्तची माणसं जन्मभर तो उतार उतरत आलेली, त्यांना तो दिसेनासाच झाला होता. परतीच्या चढावर काटा घसरला की राकान हसून म्हणायचा, "यंत्र अजून रुळायचंय. हजार किलोमीटर होऊ द्या."

तरी मुफ्लिह एखादे वेळी गप्प बसला असता. पण तीच बरणी आता त्याच्या बहिणीच्या व्हॅनमध्ये बसली होती. अम्शा विधवा, बालवाडीच्या चौदा मुलींची ने-आण करून घर चालवायची. व्हॅन जुनी, इंजिन पुढच्या सीटखाली. बरणीही तिथेच, पुढे बसणाऱ्या दोन पोरींच्या पायांशी. नळी निसटली तर कॉस्टिकचं पाणी पायांवर आणि गॅस बंद व्हॅनमध्ये. मग एक ठिणगी पुरे होती.

"अम्शा, आजच्या आज काढ ते."

"मी माझ्या डोळ्यांनी काटा पाहिलाय, दादा. तुला पोराचं बरं झालेलं बघवत नाही, दुसरं काही नाही."

शुक्रवारी दुपारी नमाजानंतर जाहा आली. अकरा वडीलधारे मागणं घेऊन मुफ्लिहच्या दारी उभे राहिले. पुढे शेख दहाम, सगळ्यात मागे कडक इस्त्रीचा कोट घातलेला राकान, मान खाली घालून. गरीब गाय जणू!

कॉफी फिरली. शेखने कप उचलला आणि ओठांना न लावता समोर ठेवला. पाठोपाठ दहा कप खाली टेकले.

"मुफ्लिह, घरच्या पोराला तू बाजारात चोर म्हणालास. आता बाजारातच सांग, की यंत्र चांगलं आहे. ते जड जात असेल, तर निदान यापुढे तोंड उघडू नकोस. हो म्हण, म्हणजे आम्ही कॉफी पिऊ."

या कपासमोर सल्तमध्ये कुणी नाही म्हणत नाही. मुफ्लिहच्या मुलाचा पाय ज्याच्या ट्रकखाली चिरडला, त्या ड्रायव्हरलाही त्याने याच खोलीत, अशाच कपासमोर माफ केलं होतं.

"शेख, तुमच्या पिकअपला पण बसवलंय ना? शूनाहून वर येताना पेट्रोल किती लागलं?"

"वर येताना मागे मेंढ्या होत्या."

"आणि त्याच्या आदल्या खेपेला?"

"एसी चालू होता," शेख म्हणाला. कोपऱ्यात कुणीतरी खाकरलं.

मुफ्लिहचा पारा चढला. "अहो, बरणीला वीज कोण देतं? इंजिन! आणि इंजिन काय पितं? पेट्रोल! पाणी फोडायला जेवढं खर्च होतं तेवढंसुद्धा त्या गॅसमधून परत मिळत नाही. उलट जास्तच जळतं!"

"काका, इंटरनेटवर लाखो लोकांनी बघितलंय," राकान मागून म्हणाला.

"लाखांनी बघितलं म्हणून चढाचा उतार होतो का रे गाढवा?"

"मुफ्लिह," शेखचा आवाज कडक झाला, "आम्ही गाड्या शिकायला आलो नाही. कॉफी थंड होतेय."

मुफ्लिहने खिशातून किल्ली काढली. "माझं गॅरेज मागा, आत्ता किल्ली देतो. पण त्या व्हॅनमध्ये चौदा पोरी बसतात. मी गप्प बसणार नाही. होऊ द्या थंड."

अकराही जण उठले. दारात शेख थांबला. "तुझ्या बापाच्या घरातून जाहा रिकाम्या हाती कधी गेली नव्हती."

शनिवारी सकाळी बाजारात त्याच्या सलामाला कुणी उत्तर दिलं नाही. समोरचा टायरवाला, वीस वर्षांचा दोस्त, पाठ फिरवून उभा राहिला. मुफ्लिह मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत नट आवळत होता, तेवढ्यात दाराशी व्हॅन थांबली.

"काढ," अम्शा म्हणाली.

त्याने बरणी सोडवली. एका बाजूने ती वितळून वाकडी झाली होती, खालची चटई कॉस्टिकने खाल्ली होती. त्याने ती तिच्यासमोर धरली. "बघ! आता तरी पटलं?"

"मला त्यातलं काही कळत नाही. पण खोट्यासाठी कुणी जाहा परत पाठवत नाही. काल रात्री पडल्यापडल्या तेवढं कळलं."

मुफ्लिह गॅरेजच्या दाराकडे वळला. "ये, आत बस. चहा टाकतो."

"नको." तिने किल्ली फिरवली. "पुढच्या महिन्यात माझ्या हनीनला मागणी घालायला मुलाकडची जाहा घेऊन शेख दहामच येणार होता, तुझ्याच घरी. बाप नाही तिला. तू म्हणणार होतास, प्या कॉफी. आज पहाटे त्यांचा निरोप आला, येत नाही म्हणून."

"अम्शा, मी खोटं बोललो का?"

"नाही ना! म्हणूनच तुझा इतका राग येतोय. खोटं बोलला असतास, तर माफी मागून सगळं निस्तरता आलं असतं."

व्हॅन वर चढाला लागली आणि मुफ्लिह बरणी हातात धरून तिथेच उभा राहिला.