नासर्डीच्या फरशीखालचा डावा बूट

मी बोलतोय तो डावा बूट. उजव्याचं विचाराल तर तो गेला. कसा गेला, तेच सांगायला बसलोय. बसलोय कसला, टाकळीजवळ नासर्डीच्या काठी एका बाभळीला लटकलोय, आणि जीव मुठीत धरून लटकलोय.

आम्हा दोघांचा जन्म आग्र्याकडचा. तळवा सोल्युशनने चिकटवलेला. चिकटवणारा शेजारच्याला म्हणाला होता, "पानी में गया तो गया समझो." ते शब्द माझ्या कानात बसले ते बसलेच. तेव्हापासून मला पाण्याचं भय. साधं डबकं दिसलं तरी माझी नाडी आवळायची. उजवा मला हसायचा.

नाशिकच्या मेन रोडवर आम्हाला स्वरदाने घेतलं. ही पंचवटीतली, पतपेढीत नोकरीला. वडील शामसुंदर गुरुजी रामकुंडावर यात्रेकरूंची पूजा सांगायचे. आमचा मुक्काम दाराबाहेरच्या मांडणीवर. तिथून जिना दिसायचा, आणि मला चौकशा फार. समोरच्या लंकाबाईंच्या चपला दुपारी कुणाच्या दारात निघतात, हे त्यांच्या घरच्यांआधी मला कळायचं.

पावसाळ्यात आमच्याकडे पूर किती आलाय असं कुणी विचारत नाही. मारुती कुठवर बुडाला, असं विचारतात. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. त्या गंगेच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंचच उंच मूर्ती उभी आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कंबरेला लागलं, छातीला लागलं, त्यावर माणसं दुकानं हलवतात आणि पाहुण्यांना यायला नको म्हणून कळवतात. गुरुजी तर रोज सकाळी मारुती बघून आल्याशिवाय चहा घेत नसत.

स्वरदाच्या डोक्यात एक खूळ होतं. नासर्डी गावात नाला म्हणून ओळखली जाते. ती डोंगरात जिथे उगम पावते तिथून निघायचं आणि ती गंगेला मिळते तिथवर काठाकाठाने धावत यायचं.

"गंगा सोडून नाल्याची परिक्रमा? कुठल्या पोथीत आहे ही?" गुरुजी म्हणाले.

"अण्णा, ती नदी आहे. आणि तिचा समुद्र म्हणजे तुमची गंगाच."

"मग समुद्राला पाय लावून ये. पण निघताना आणि वाटेत मला फोन कर. मारुती बघून सांगतो."

श्रावणातला रविवार होता. बेळगाव ढग्याच्या डोंगराखाली आम्ही उभे राहिलो तेव्हा नासर्डी तांब्यातून सांडावी एवढीच होती. मला जरा बरं वाटलं. पण पहिलं पाऊल उचलताना माझी टाच वर झाली, तेव्हा मागे डोंगराच्या माथ्यावर ढग बसलेले दिसले. काळे, आणि जागचे न हलणारे. स्वरदा पुढेच बघत होती. बुटाला ना मान, ना हात, नाहीतर तिची मान मी मागे फिरवली असती.

पिंपळगावच्या शेतांतून आम्ही सातपूरला आलो. तिथे पाण्यावर फेस, आणि वास असा की उजव्याचंही हसू मावळलं. पुढे नदीकडे पाठ करून उभ्या असलेल्या सोसायट्या. एका गॅलरीतून यशोदाबाई नावाच्या बाई ओरडल्या, "काय गं, कुत्रं मागे लागलंय का?"

"नाही हो मावशी, नदीबरोबर धावतेय."

"ती कुठे धावतेय? तुंबलीय महिनाभर."

मुंबई नाक्यापाशी स्वरदाने फोन लावला. "अण्णा, मारुती?"

"घोट्यालासुद्धा पाणी नाही. धाव बिनघोर."

ती हसली आणि नाडीला दुहेरी गाठ मारली. मी मात्र खाली पाण्याकडे बघत होतो. सकाळचं काळपट पाणी आता तांबडं झालं होतं. डोंगराची माती होती ती. काड्या वाहत येत होत्या, मग एक आख्खी फांदी आली. माझ्या तळव्याला जमीन गार लागायला लागली. सांगणार कसं?

टाकळीला फरशी आहे, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल. पलीकडे भिमाजीचा झेंडूचा मळा. भिमाजी रोज रामकुंडावर फुलं घेऊन जायचा, त्यामुळे ओळखीचा. तो काठावर मोटरीची रबरी नळी गुंडाळत होता.

"या की ताई," त्याने हाक मारली. "मी आत्ताच गंगेवरून आलो. मारुतीच्या घोट्याला बी पाणी नाय."

ती फरशीवर आली. अर्ध्यात आल्यावर पाणी वर चढलं. सगळ्यांत आधी मला लागलं, मग उजव्याला, मग तिच्या नडगीला. मागून आवाज आला, ट्रक रिकामा करावा तसा. स्वरदा पळायला गेली आणि उजवा दगडाच्या फटीत रुतला. ती ओढतेय, गाठ दुहेरी, पाय निघेना. पाणी गुडघ्यावर आलं.

भिमाजीने नळीचं एक टोक बाभळीला बांधलं, दुसरं कंबरेला, आणि आत शिरला.

"बूट सोडा, ताई. बूट सोडा आधी."

त्याने पाण्यात हात घालून विळ्याने नाडी कापली. पाय निघाला. उजवा फटीतून सुटला, एकदा उलटा तरंगलेला दिसला, आणि गंगेकडे गेला. हाक मारायलाही सवड मिळाली नाही, नळीला धरून भिमाजीने आम्हाला काठावर ओढलं.

भिमाजीने फोन केला तसे गुरुजी रिक्षाने आले ते थेट चिखलातच बसले. "मीच सांगितलं तिला, बिनघोर धाव म्हणून."

"गुरुजी, मी बी तेच सांगितलं की," भिमाजी म्हणाला. त्याने कंबरेची नळी सोडली. मग हळूच म्हणाला, "मारुती पडला गंगेचा. नासर्डीचं त्याला काय ठाव?"

स्वरदाने मला पायातून काढलं. "हा एकटा घेऊन मी काय करू, भिमाजी?"

"माझ्याकडं असू द्या."

पूर ओसरल्यावर त्याने मला उताराच्या बाभळीला खिळ्याने ठोकलं, फरशीच्या पातळीपेक्षा वीतभर खाली. तेव्हापासून इकडची माणसं फरशीवर पाऊल टाकण्याआधी विचारतात, "बूट भिजला का?" बायाबापड्या विचारतात, दुधवाले विचारतात. गुरुजी तर रामकुंडावरून भिमाजीला फोन करून विचारतात. उजवा ऐकता तर पोट धरून हसला असता.

मला हसू येत नाही. दर पावसाळ्यात नासर्डी सगळ्यांत आधी माझ्याकडे येते. तळवा अर्धा सुटलाय. एखाद्या वर्षी खिळ्यासकट जाईन, हे मला माहीत आहे. पाणी वर चढायला लागलं की अजून तितकाच घाबरतो.

तुम्ही इथून कधी जाल तर वाकून माझ्याकडे बघा. मी ओला दिसलो तर मागे फिरा, काम उद्या होईल. आणि कोरडा दिसलो, तरी तेवढ्यावर जाऊ नका. एकदा मान वळवून डोंगराकडे बघा. मला ते जमत नाही.