मंजुषाच्या गालाची दोन मिनिटं

बटण दाबू नका, आज मी आपणहून बोलणार आहे. मी मुठीत मावणारा, थरथरणारा मसाजर. जऊळक्यातल्या एका घरात टीव्हीच्या मागे पडून असतो, आणि मन मला खातं.

मला आणलं ते मंजुषासाठी. मोटारसायकलवरून पडून तिच्या कानामागे मार लागला, चेहऱ्याची नस दुखावली आणि डावा गाल लुळा पडला, डावा डोळाही मिटेना. घोट घेतला की पाणी ओठांतून ओघळायचं. वाशिमच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मिनिटं, हलक्या हातानं, ओठाच्या कोपऱ्यापासून वर. खंड पाडू नका. पहिले सहा महिने महत्त्वाचे."

आठ दिवस मी इमानानं राबलो. मग शेजारच्या रुपाबाईंची नजर माझ्यावर पडली. "भागिरथाबाई, माह्या गुडघ्याले लावू द्या न थोडंसं!"

भागिरथाबाई म्हणजे मंजुषाची सासू. दारात आलेल्याला नाही म्हणणं त्यांना जमतच नाही. गुडघ्यामागून कुणाची कंबर, कुणाची टाच, मग सोयाबीन सोंगून आलेल्या बायांच्या पाठी. मी आठवडा आठवडा घरी नसायचो. सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडायचं. पाठीवर फिरलो की लोक "हाय, बरं वाटलं" म्हणायचे. मंजुषाचा गाल काहीच म्हणत नसे.

तिनं एकदाच सासूला विचारलं, "आत्याबाई, मशीन कुठी हाय?"

"येईन वं ते उद्या. तुह्यं तं दोनच मिन्टाचं काम!"

सहा महिन्यांनी डॉक्टरबाईंनी विचारलं, "रोज करत होतात ना?" मंजुषा चटकन "हो" म्हणाली. सासूची लाज राखली तिनं. "मग आता सुधारेल तेवढं सुधारेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. परतताना ऑटोत भागिरथाबाई ढसाढसा रडल्या. "तुह्यं औषध म्या गावाले वाटून टाकलं, मंजुषा."

मला हातात घेतलं की त्यांना ती चूक आठवते, म्हणून आता त्या रोज आपल्या बोटानंच तिचा गाल वर सारतात, दोनाच्या जागी दहा मिनिटं. डोळा थोडा मिटायला लागलाय. ओठाचा कोपरा हलत नाही.

माझ्यासारखं एखादं यंत्र तुमच्या घरी असेल, तर ज्याचं आहे त्याच्याच उशाशी ठेवा. एवढीच विनवणी.

काल रुपाबाई पुन्हा मला मागायला आल्या. "नाही देत वं!" भागिरथाबाई इतक्या ताडकन बोलल्या की मंजुषाला हसू फुटलं. लगेच तिनं पदर तोंडावर धरला.

अपघाताआधी ती अशी तोंड झाकून हसत नसे, म्हणे.