गोपालरावांचं नॉर्मल रक्त

यवतमाळच्या सामायिक प्रयोगशाळेत गोपालरावांच्या रक्ताला मोठा मान होता. बाहेरून येणारा संशोधक रक्तपेशींवर काम करणारा असो की रोगप्रतिकारशक्तीवर, तपासायच्या रक्ताशेजारी त्याला एका निरोगी माणसाचं रक्त तुलनेला ठेवावंच लागे. असं रक्त मुंबईहून बर्फात निघे आणि यवतमाळला पोचेस्तोवर बर्फाचं पाणी होई. शेवटी प्रयोगशाळेचे प्रमुख या नात्यानं गोपालरावांनी स्वतःची बाही वर केली. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी ते दंड पुढे करत, तंत्रज्ञ नलूताई नळी भरून घेत आणि तिच्यावर 'नॉर्मल' लिहीत. त्यांच्या रक्तावर कित्येकांची पीएचडी झाली. प्रबंधाच्या आभारात त्यांचं नाव आईवडिलांच्या खाली आणि देवाच्या जरासं वर येई.

माणूस खरोखरच निर्व्यसनी. चहासुद्धा बिनसाखरेचा. नाद एकच, बोरी अरब गावातलं आपलं वावर. रविवारी ते पॅन्ट दुमडून कपाशीत उतरत. फवारणीचं औषध ड्रममध्ये कालवायचं काम दुसऱ्याला देत नसत. माप चुकलं म्हणजे सगळं चुकलं, असं त्यांचं म्हणणं. प्रयोगशाळेत हातमोजे न घालणाऱ्याला ते दाराबाहेर काढत. वावराच्या धुऱ्यावर, बांधावर मात्र कोपरापर्यंत हात भिजले तरी हातमोज्यांची आठवण त्यांना कधी झाली नाही. पाठीवर पंप घेऊन फवारायचा तो खेमसिंग, जवळच्या तांड्यावरचा.

गुलाबी बोंडअळीच्या त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली आणि फवारणी माणसाच्या तोंडावर आली. डॉ. उर्वशी नावाची संशोधक फवारणाऱ्यांचं रक्त तपासायला प्रयोगशाळेत आली होती. औषधानं रक्तातला एक घटक उतरतो, तो किती उतरला हे तिला पाहायचं होतं. खेमसिंगला गरगरत होतं, डोळ्यांपुढे धुकं येत होतं. गोपालराव स्वतः त्याला मोटारसायकलवर घेऊन आले. गोपालरावांच्या नळीशी ताडून अहवाल आला, नॉर्मल. इतरांचेही नॉर्मल. माणसं ओकत होती आणि कागदावर ठणठणीत होती.

गोपालरावांनी ही खुशखबर धुऱ्यावरच दिली. "खेमसिंग, तुझं रक्त माझ्या रक्तासारखंच आहे. भिऊ नको."

खेमसिंगला या बरोबरीचा केवढा आनंद झाला. त्यानं ती तांडाभर सांगितली आणि पंप उचलला.

पोळ्याला गोपालराव गावीच राहिले. बैलांना रजेचं कारण सांगता येत नाही. सोमवारची नळी हुकली म्हणून नलूताईंनी तुलनेला आपलं रक्त दिलं. त्या दिवशी यंत्रानं एकजात सगळ्यांना आजारी ठरवलं. खेमसिंगच्या जुन्या नळीलासुद्धा. संशय अर्थातच नलूताईंवर गेला. त्यांना बसवलं, पाणी दिलं, काय खाल्लं ते विचारलं. उर्वशीनं मग स्वतःचं रक्त लावून पाहिलं. तेच उत्तर. शेवटी तिनं फ्रीझरमधली गोपालरावांची नळी काढली आणि पहिल्यांदाच ती रोग्यांच्या रांगेत लावली. ती खेमसिंगच्या शेजारी जाऊन बसली. किंचित खालीच.

दुसऱ्या दिवशी गोपालराव आले तेव्हा बोटांना बैलांच्या शिंगांचा रंग होता. उर्वशीनं हळू आवाजात सगळं सांगितलं. आधी त्यांनी यंत्राची दुरुस्ती करायला सांगितली. मग आपल्या हातांकडे बघत राहिले. ज्यांनी ज्यांनी हे रक्त वापरलं त्या सगळ्यांना कळवावं लागेल, असं ती म्हणत होती. ते मान हलवत होते, पण मनात प्रबंध नव्हते. त्यांनी खेमसिंगला फोन लावला. उचलला त्याच्या बायकोनं, बसंतीबाईनं. तो सकाळीच फवारायला गेल्याचं तिनं सांगितलं. कुणाच्या वावरात, असं विचारायची त्यांना हिंमत झाली नाही.

"तुमच्याच," ती आपणहून म्हणाली.

त्यांनी गावातल्या सालदाराला, वर्षाच्या गड्याला, फोन करून वावरात पिटाळलं. तो पोचला तेव्हा खेमसिंग कपाशीच्या तासात आडवा पडलेला होता. दुपारी त्याला यवतमाळला आणून दवाखान्यात भरती केलं. संध्याकाळी सलाईन चालू होती आणि तो बोलण्याइतका शुद्धीवर आला होता. बसंतीबाई उशाशी बसली होती. गोपालराव खाटेजवळ उभे राहिले.

"तुझा रिपोर्ट चुकला होता," ते म्हणाले. "तुला ज्याच्याशी मोजलं, तोच माणूस बिघडलेला होता."

"कोन होता भाऊ थो?"

"मी."

बसंतीबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग तुमाले काहून नाही झोपवलं अथी?"

शिव्या ऐकायची तयारी गोपालरावांनी करून ठेवली होती, या प्रश्नाची नव्हती. खेमसिंगनं डोळे मिटले, उघडले.

"म्या तांड्यात सांगून बसलो ना. आपलं रक्त साहेबासारखं हाय म्हनून. माह्या भरवशावर दुसरेबी पंप घेऊन जाऊन राह्यले." त्यानं गोपालरावांकडे मान वळवली. "पयले त्याइले थांबवा. मंग या. जागा करून ठेवतो."

आणि सलाईनचा हात सांभाळत तो खरंच थोडा सरकला.

गोपालरावांनी मोटारसायकल काढली. अंधार पडता पडता ते तांड्यावर पोचले. उद्याच्या फवारणीसाठी पंप धुऊन भिंतींना टेकवून ठेवले होते. माणसं जमली. काय बोलायचं ते गोपालरावांनी वाटेत पुष्कळ जुळवलं होतं. तोंडातून एवढंच आलं.

"तुमचं रक्त माझ्या रक्तासारखंच आहे. म्हणून पंप उचलू नका."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. हेच सांगून तर खेमसिंगनं त्यांना धीर दिला होता.